दोराचं वरचं टोक

बसा. पिशवी त्या स्टुलावर ठेवा, फरशी ओली आहे. थर्मासमध्ये चहा आहे, पण तुम्हालाच ओतून घ्यावा लागेल. माझा एक हात अडकलेला असतो. नाही, दोराला हात लावू नका. आधी मला सगळं सांगू द्या, मग तुमचं तुम्ही ठरवा.

ब्युरोला फोन मीच केला होता. म्हटलं, बदली बाई पाठवा. मॅडमनी विचारलं, "पेशंट कोण आहे तिथे? काकू तर गेल्या ना?" मी म्हटलं, "आहे एक. उचलायचं नाही, पुसायचं नाही, नुसतं धरून बसायचं." मॅडम हसल्या. "असला पेशंट मलाच द्या की," म्हणाल्या.

खरं सांगते, आज सकाळपर्यंत माझ्या मनात वेगळंच होतं. तुम्ही आलात की दोर तुमच्या हातात द्यायचा, दोन नियम सांगायचे आणि जिना उतरून चालू लागायचं. माझ्या मुलीला मुलगी झाली आहे. तीन महिन्यांची झाली, मी तिला फोनवरच बघितलंय. पण तुम्ही जिना चढून आलात, दारात गुडघा धरून उभ्या राहिलात, आणि मला माझाच गुडघा आठवला. न सांगता देणं जिवावर आलं.

मी इथे आले त्याला सव्वा वर्ष झालं. साधी दिवसाची ड्युटी, आठ ते आठ. बावीस वर्षं हेच काम करतेय, तुम्हाला काय सांगायचं. कूस बदला, औषधं द्या, चादर बदला, आणि घरी गेलं की स्वतःची पाठ कुणाला दाखवायची? इथलं काम त्या मानाने हलकं होतं. पेशंट म्हणजे काकू. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. वय ब्याऐंशी, अंगाने चिमणीएवढ्या, डोकं एकदम ठिकाणावर. रात्रीच्या बाईने पहिल्या दिवशी मला दारातच सांगितलं, "म्हातारी गुणाची आहे. त्रास काही नाही. फक्त दोर."

"कसला दोर?"

"आत जा, कळेल."

काकू ह्याच खुर्चीत बसल्या होत्या, ह्याच खिडकीपाशी. चौकटीच्या खालच्या लाकडात ते पितळी कडं दिसतंय ना, त्यातून दोर बाहेर जातो, भिंतीवरून खाली, गोदीच्या दगडी पायऱ्यांवरून आणि मग पाण्यात. वरचं टोक काकूंच्या डाव्या हातात. उरलेला दोर त्या टोपलीत, वेटोळं करून. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं खूळ. कुणी बाहुली धरतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा. ह्यांनी दोर धरला, आपलं काय जातं?

पण घर बघितल्यावर कळलं, हे खूळ नाही. भिंतीभर समुद्राच्या तळाचे हाताने काढलेले नकाशे. कपाटात वह्या. कोपऱ्यात तांब्याचं शिरस्त्राण, पुढे काचेची गोल खिडकी. काकूंचे यजमान म्हणजे ते, ज्यांच्यावर शाळेच्या पुस्तकात धडा आहे. ह्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी उतरून चालून आलेला पहिला माणूस. पाण्याखाली बुडालेलं अख्खं जंगल त्यांनी शोधलं होतं, उभ्या झाडांचं. धड्यात त्यांना थोर संशोधक म्हटलंय. गल्लीत मात्र त्यांचं नाव "बंबवाले", कारण पहिलं शिरस्त्राण त्यांनी घरातल्या पाणी तापवायच्या बंबातून ठोकून घेतलं होतं.

"महिनाभर गार पाण्याने आंघोळ केली मी," काकू सांगायच्या. "बंब ह्यांच्या डोक्यावर. आणि पेपरात फोटो आला तेव्हा खाली काय लिहिलं? 'संशोधकाची अपूर्व युक्ती.' अपूर्व युक्ती म्हणे! बंब माझ्या आईने दिलेला होता."

नवऱ्याला त्या नेहमी 'हे' म्हणायच्या, जणू शेजारच्या खोलीत बसलेत. मलाही तीच सवय लागलीय.

हे पाण्यात उतरायचे आणि काकू वर होडीत दोर धरून बसायच्या. सतरा वर्षं दोर धरला त्यांनी. त्या कामाचे नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्यायला लावले. वरून एक हिसका म्हणजे, ठीक आहे ना? खालून एक आला की, ठीक आहे. खालून दोन म्हणजे, दोर सोड. चार म्हणजे वर, मग ते कुणीही दिलेले असोत.

"आणि विचारायचं काम वरच्याचं," काकू बजावायच्या. "खालच्याने फक्त उत्तर द्यायचं. खालून कधी कुणी विचारत नाही."

"आणि दोर?"

"दोर कशाला बांधायचा नाही. कधीच नाही. द्यायचा तर हातातून हातात."

म्हणून त्यांना आंघोळ घालताना दोर माझ्या मनगटाला. जेवताना माझ्याकडे, मग मी जेवताना त्यांच्याकडे. एका हाताने केस धुवायला मी इथेच शिकले.

तिसऱ्या दिवशी असंच केस धूत होते. दोराला हिसका बसला. मग अजून एक. भरतीचं पाणी असेल, नाहीतर एखादी होडी अडकली असेल, असं वाटलं. काकूंच्या डोळ्यांत फेस गेला होता, तरी त्या म्हणाल्या, "दोन ना? मग सोड वावभर." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं तेवढं. मी सोडला. दोर कड्यातून सरसरत खाली गेला आणि थांबला.

भीती वाटली का म्हणता? नाही वाटली. थकलेला माणूस विचार करत नाही, सांगितलं ते करतो.

हे बुडाले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. पायऱ्यांपासून वीसेक वावांवर तळाला एक भोक आहे. विहिरीसारखं गोल, ठाव न लागणारं. त्यात हे उतरले आणि आले नाहीत. चार माणसांनी दोर ओढला, तो तसूभर हलला नाही. सरकारी माणसं म्हणाली, कापून टाका. काकूंनी कापू दिला नाही. एका हाताने होडी वल्हवत त्या पायऱ्यांपाशी आल्या आणि दोराचं टोक ह्या खोलीत घेऊन बसल्या. पुरेना म्हणून जोड देत गेल्या. दोर वळणाऱ्याकडून नवी वेटोळी आणायच्या आणि वर्षाला एक चिंधी त्याला बांधायच्या, आपल्या जुन्या कपड्यांची. पिवळी, निळी, ठिपक्यांची. मग तो दोर वळणारा वारला, कारखाना बंद झाला. मी आले तेव्हा टोपलीतलं वेटोळं शेवटचं होतं.

तेवढ्यात संग्रहालयाचं निघालं. ह्यांच्या नावाने दालन उघडायचं ठरलं. एक गुबगुबीत गृहस्थ यादी घेऊन यायचे, बोलायला मोठे गोड. शिरस्त्राण, वह्या, नकाशे, एकेकावर खूण करत म्हणाले, "काकू, दोरही यादीत आहे हं."

"मोकळा झाला की ने."

"म्हणजे कधी?"

"तू रिटायर झाल्यावर ये."

ते हसले, मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्या टोपलीकडे बघत होत्या.

आता माझी चूक सांगते.

दुपारचे अडीच वाजले असतील. ऊन खिडकीतून थेट फरशीवर पडलं होतं. काकू जेवून झोपल्या होत्या. दोर माझ्या हातात होता. मुलीचा फोन आला.

"आई, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. तू येणार ना?"

"येते गं."

"मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात माझं पडलं... तेव्हाही असंच म्हणाली होतीस."

त्या वेळी मी दुसऱ्या एका पेशंटपाशी होते. कुणाच्या तरी आईची कूस बदलत होते.

फोन ठेवला आणि दोराला दोन हिसके बसले. सोड. टोपलीत तीनच वेढे उरले होते. मी काकूंकडे बघितलं. झोपेतही त्यांची बोटं आकड्यासारखी वाकलेली होती, दोर धरल्यासारखी. मला वाटलं, ही बाई एवढी वर्षं नुसती सोड म्हटलं की सोडत आली, एकदाही तिने आता पुरे म्हटलं नाही. ती दमली आहे. मी दमले आहे. खाली जे कोणी आहे ते दमलं नसेल का?

मी चार हिसके दिले. वर या.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर गोदीवर कुणीतरी पत्रा ओढत होतं, तो आवाजही थांबला. मग खालून उत्तर आलं. चार. भराभर, एकसारखे, जणू कुणी ह्याचीच वाट बघत बसलं होतं. आणि दोर सैल पडला.

"किती दिलेस?"

काकू जाग्या होत्या. मी म्हटलं, "चार."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसते डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मीही एकदा अशीच दमले होते, डोळा लागला."

हे बुडाले त्या दिवसाच्या आदल्या रात्रभर त्यांनी ह्यांची वही उतरवून दिली होती. सकाळी होडीत बसल्या. पाणी शांत, ऊन कोवळं. जरा डोळे मिटावेत म्हणून त्यांनी दोर होडीच्या खुंटीला बांधला. तेवढ्यापुरता. जाग आली तेव्हा दोर ताठ होता आणि खुंटी करकरत होती.

"ह्यांनी किती वेळा ओढलं असेल, कोण जाणे," काकू म्हणाल्या. "खुंटी काय उत्तर देणार?"

मी एका हाताने त्यांना पाणी दिलं.

"घाईघाईने सोडवून हातात घेतला आणि एक दिला. लगेच एक आला. मला केवढा आनंद झाला. मग वाटलं... हे असं ओढत नाहीत. हे सावकाश ओढायचे. ओढून थोडं धरून ठेवायचे, माझा हात धरल्यासारखं, आणि मग सोडायचे. हा तसा नव्हता. हा नुसता हिसका होता."

"मग ते कोण...?"

"ते मी विचारलं नाही. ते दोर मागत होतं, मी देत होते. दोर मिळतोय तोवर ते खाली जात राहतं. मला तेवढंच हवं होतं."

"मग सोडून का नाही दिलात, काकू? एवढी वर्षं..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सोडला तर त्याला कळेल ना, वर कुणी नाही म्हणून."

मी दोर मुठीत आणखी घट्ट धरला.

मग त्या उठून बसल्या आणि कामाला लागल्यासारख्या मला समजावू लागल्या. खोलातून एकदम वर येता येत नाही. मधे मधे थांबावं लागतं, रक्तात हवा फसफसू नये म्हणून. जितका वेळ खाली, तितके थांबे जास्त. सगळ्यात शेवटचा थांबा पाण्याखाली दोन वावांवर, आणि तोच सगळ्यात लांब. "म्हणजे लगेच नाही येणार. महिने लागतील. दोर सैल पडेल तसा ओढून घेत जा. ढिला ठेवायचा नाही."

नऊ दिवसांनी काकू गेल्या, दुपारीच. माझी मुलगी तेव्हा दवाखान्यात होती. मी पिशवी भरून ठेवली होती, दुपारच्या गाडीने निघणार होते. काकूंनी दोर माझ्या हातात ठेवला, माझी बोटं एकेक करून मिटली आणि म्हणाल्या, "आता तू वर." त्यांची बोटं मात्र सरळ झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघितली मी ती सरळ.

पिशवी तिथेच आहे, दाराशी. रात्रीची बाई दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. शेजारची मुलगी डबा आणून ठेवते, पण आत येत नाही.

संग्रहालयवाल्यांनी सगळं नेलं. दालनाचं उद्घाटन झालं. ह्यांचा पुतळा म्हणे छान झालाय, बंब डोक्यावर घेतलेला. काकूंचा फोटो कुठे आहे, असं मी विचारलं, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "बघू, जागा झाली तर." शेवटी ते दोरासाठी आले. "अहो, टोक तेवढं कापून नेऊ, खालचं राहू दे समुद्राला." मी दोर पुढे केला. त्यांनी वजन बघितल्यासारखा हातात घेतला. घेतला आणि तसेच उभे राहिले. चेहऱ्याचा रंग उतरला. दोर माझ्या हातात परत देताना म्हणाले, "हे... हे राहू द्या इथेच. मी यादीतून काढतो." सामान न्यायला घेतलेल्या घराच्या किल्ल्या त्यांनी दुसऱ्याच्या हाती पाठवल्या.

तेव्हापासून मी दोर ओढून घेतेय. दिवसाला पाच वाव, कधी सात. मग दोन-दोन दिवस काहीच नाही. ही सगळी वेटोळी त्याचीच. तुम्हाला वास येतोय ना? चिखलाचा नाही, शेवाळाचाही नाही. तांब्याचा. उन्हात तापलेल्या तांब्याचा. चिंध्या परत आल्या, अलीकडच्या आधी. अलीकडच्या कुजलेल्या होत्या. जसजशा जुन्या येत गेल्या तसतशा चांगल्या निघत गेल्या. ही ठिपक्यांची बघा, अडतीस वर्षांपूर्वीची. कालच फाडल्यासारखी आहे की नाही? चाळीस आल्या. एकच राहिलीय.

चार दिवसांपूर्वी दोर थांबला. खिडकीतून वाकून बघा, पण हात लावू नका. पायऱ्यांखाली पाण्यात सरळ उभा गेलाय, ताठ. खालच्या पायरीपासून दोन वाव. शेवटचा थांबा.

म्हणून ब्युरोला फोन केला. घाबरले, दुसरं काय. नातीचं तोंड तरी बघू दे, असं वाटलं. पण काकूंनी जे मला न सांगता दिलं, ते मी तुम्हाला न सांगता देणार नाही. तुम्ही जा. खरंच जा. ब्युरोत सांगा की पेशंट नाही. आणि हा नंबर माझ्या मुलीचा. तिला म्हणावं, आई ह्या वेळीही कामातच आहे. ती समजेल. नाही समजली तरी चालेल.

एक विचारू? तुम्ही आल्यापासून सारखा आवंढा गिळताय. कानांत दडे बसलेत का? मलाही बसतात, चार दिवस झाले. आवंढा गिळला की जरा मोकळे होतात, मग पुन्हा तेच. स्वतःचाच श्वास फार मोठ्याने ऐकू येतो. आणि खोलीतला उजेड असा हिरवट दिसायला लागलाय. फरशीच्या ओलीसाठी प्लंबरला बोलावलं होतं. तो दारातूनच म्हणाला, "बाई, सगळे नळ कोरडे आहेत." मग कानात बोट घालून हलवत हलवत गेला.

थांबा.

हलू नका... बघितलंत?

एक. मी काही विचारलं नव्हतं. मी हिसका दिला नव्हता. हा तिकडून आला, आपण होऊन. खालून कधी कुणी विचारत नाही, असं काकू म्हणायच्या... विचारायचं काम वरच्याचं.

आणि हा हिसका नाही. सावकाश ओढलाय. ओढून धरून ठेवलाय, बघा, अजून सोडलेला नाही. कुणी हात धरावा तसा.

तुम्ही निघा. दार जड लागतंय? मघाशी तर एका बोटाने उघडलंत. दोन्ही हातांनी ओढा. अंगाचा भार टाका. नाही होत?

बरं, राहू दे. इकडे या, बसा माझ्याजवळ. फार उशीर लावायचा नाही, वरचा तिकडे काळजी करत असेल. खालच्याने उत्तर द्यायचं असतं.

मी त्याला एक देते. ठीक आहे म्हणून.